एक भागाकार आणि एक गुणाकार

आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या आदल्या सायंकाळची ही गोष्ट आहे. नोव्हेनाचा शेवटचा दिवस होता. मांडवात ५०० वॅटचे आठ हॅलोजन दिवे झळकत होते आणि त्यांना वीज पुरविणारी पन्नास मीटरची तार सांक्रिस्तीतील बोर्डावरून ओढून आणलेली होती. गरजेपेक्षा जास्त झालेली तार वेटोळे करून व्यासपीठामागे, कापडी पडद्याखाली सारलेली होती. प्रवचन चालू असतानाच आम्हांला जळका वास आला. अंतिम आशीर्वाद होताच आम्ही मागे गेलो, तर वेटोळ्याला हात लावणे अशक्य झाले होते. पडद्यापलीकडे पहिल्या रांगेत मुले बसली होती.

आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण वायरमन धावत आला. त्याने तारेला चिमट्यासारखा मीटर लावला. आकडा आला १६ अँपिअर. बोर्डावर व्होल्ट मोजले, ते २३०. मांडवाच्या टोकाशी मोजले, ते २०३. "फादर, सत्तावीस व्होल्ट वाटेतच गेले," तो म्हणाला आणि वर्गणीच्या एका रिकाम्या पाकिटावर त्याने दोन ओळी लिहिल्या. सत्तावीसला सोळाने भागले तेव्हा आले सुमारे १.७ ओहम, हा तारेचा रोध. सत्तावीसला सोळाने गुणले तेव्हा आले ४३२ वॅट. "म्हणजे बघा, जवळजवळ अर्ध्या किलोवॅटचा हीटर आपण ह्या तारेतच पेटवून ठेवलाय." अर्धे दिवे तत्काळ बंद झाले. मग मीटर गुंडाळता गुंडाळता त्याने विचारले, "फादर, हे ओहम म्हणजे कुणाचं नाव आहे का हो?"

एका जर्मन शास्त्रज्ञाचे, एवढेच उत्तर आम्हांला देता आले. सेमिनरीतील अध्ययनात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान पुष्कळ झाले. शालान्त परीक्षेपुरते शिकलेले पदार्थविज्ञान मात्र केव्हाच विसरून गेले होते. नंतर सवड काढून आम्ही ह्या विषयावर जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. पाकिटावरच्या त्या दोन ओळी लिहायला अर्धे मिनिट लागले असेल. त्या सिद्ध व्हायला मात्र चाळीस वर्षे लागली.

आरंभ इटलीतील कोमो ह्या गावी होतो. तेथील अलेस्सान्द्रो व्होल्टा हा श्रद्धावंत कॅथलिक गृहस्थ होता. चांदीची व जस्ताची चकती, त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, अशा थरांवर थर रचून त्याने एक स्तंभ तयार केला आणि २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्र लिहून ती रचना कळविली. त्यापूर्वी वीज म्हणजे क्षणात उडून जाणारी ठिणगी होती. व्होल्टाच्या स्तंभातून ती ओढ्यासारखी वाहू लागली. परंतु जे वाहते ते काय, आणि कशाने वाहते, ह्याविषयी विद्वानांचा सारा गोंधळ होता.

तो गोंधळ निवळला १८२० च्या सप्टेंबरात, पॅरिसमध्ये. विद्युतप्रवाहामुळे चुंबकसूची हलते, हा ओर्स्टेडचा शोध कानी येताच आंद्रे मारी अँपिअरने झपाटल्यासारखे काम केले. त्या कामात त्याने दोन शब्द एकमेकांपासून वेगळे केले: ताण आणि प्रवाह. वाचकहो, आपल्या वाडीतील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी किती उंचावर आहे हा झाला ताण, नळातून घटकाभरात किती पाणी येते हा झाला प्रवाह. टाकी उंच असूनही नळ बंद असेल तर ताण आहे, प्रवाह नाही. आज हे शाळकरी मुलालाही कळते. परंतु दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळी नावे मिळाल्यावाचून त्यांचा भागाकार कोण करणार? अँपिअरच्या वडिलांचा फ्रेंच राज्यक्रांतीत शिरच्छेद झाला होता, पत्नी अकाली वारली होती. ह्या दुःखी, विसराळू, भाविक माणसाच्या पॅरिसमधील घरी १८३१ साली कायद्याचा एक विद्यार्थी राहावयास आला, तो म्हणजे फ्रेडरिक ओझानाम. पुढे १८३३ साली ज्यांनी मित्रांसमवेत संत विन्सेंट डी पॉल सोसायटी स्थापन केली आणि ज्यांना १९९७ साली धन्यवादित घोषित करण्यात आले, तेच हे. आपल्या धर्मग्रामांत ह्या सोसायटीचे काम चालते. तिच्या सभासदांना हे शेजारपण ठाऊक असावे म्हणून विषयांतराचा दोष पत्करून आम्ही ते सांगितले.

आता ओहमकडे वळू. गेओर्ग सिमोन ओहमचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे, एका कुलूप बनविणाऱ्या कारागिराच्या प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. वडील शाळेत फारसे शिकलेले नव्हते, तरी स्वतःच्या बळावर गणित शिकून त्यांनी मुलांना घरी शिकविले. सात अपत्यांपैकी तीनच जगली. गेओर्ग दहा वर्षांचा असताना आई गेली. विद्यापीठात गेल्यावर हे चिरंजीव नृत्य, बर्फावरील घसरणी आणि बिलियर्ड ह्यांत रमले. वडिलांनी संतापून त्याला तेथून काढले आणि तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत मास्तर झाला. पुढे १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली खरी, पण बढतीची आशा नसलेल्या शिक्षकाच्या नोकऱ्यांतच त्याची उमेदीची वर्षे गेली.

१८१७ साली त्याला कोलोन येथील माध्यमिक विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यास बोलाविले. हे विद्यालय मूळचे येशूसंघीयांचे. संघ १७७३ साली विसर्जित झाला, विद्यालय प्रशियाच्या सरकारकडे आले, तरी लोक त्याला येशूसंघीयांचे विद्यालयच म्हणत. तेथे उपकरणांनी सज्ज अशी प्रयोगशाळा होती. त्या उपकरणांचे चीज करणारा कुलूपवाल्याचा मुलगाच निघाला. शाळा सुटल्यावर तो तेथे बसे आणि वडिलांकडून उचललेल्या हस्तकौशल्यावर लागेल ते साधन स्वतः घडवी.

त्याचा प्रश्न साधा होता: तार लांब केली तर प्रवाह कितीने घटतो? ह्या साध्या प्रश्नावर तो प्रथम सपशेल चुकला. व्होल्टाच्या पद्धतीचे घट प्रवाह सुरू होताच ढेपाळत; सकाळचा ताण आणि थोड्या वेळानंतरचा ताण सारखा नसे. ज्या तराजूचे वजनच घटकेघटकेला बदलते त्यावर काय जोखायचे? ह्या लहरी आकड्यांवरून ओहमने १८२५ साली एक किचकट सूत्र मांडले, ते छापूनही टाकले, आणि ते चुकीचे होते. स्वतःच्या छापील चुकीकडे पाठ न फिरविता तो पुन्हा टेबलाशी बसला, हे आम्हांला त्याच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. धर्मगुरूंना व मास्तरांना चूक कबूल करणे विशेष जड जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ ह्यांनी त्याला एक युक्ती सुचविली. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानात ठेवले तर त्यांच्यातून वीज वाहते, हे झेबेकने १८२१ साली दाखविले होते. ओहमने बिस्मथची दांडी घेतली, तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या, एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळते तोवर ते उकळतेच, बर्फ वितळते तोवर ते बर्फच. म्हणून ताणही स्थिर. प्रवाह मोजण्यासाठी त्याने चुंबकसूची एका पट्टीने टांगली आणि प्रवाहाने वळलेली सूची मूळ जागी आणण्यास टांगणीला किती पीळ द्यावा लागतो ते मोजले. मग सारख्याच जाडीच्या, पण २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या तांब्याच्या आठ तारा त्याने एकामागून एक जोडून पाहिल्या.

ते आकडे आजही उपलब्ध आहेत आणि आम्ही पेन्सिल घेऊन ते पडताळून पाहिले. वाचकांनीही पाहावे. जानेवारी १८२६ मधील एका मालिकेत तारेच्या लांबीत सव्वावीस मिळवायचे आणि ७२८५ ह्या संख्येला त्या बेरजेने भागायचे, एवढाच हिशेब आहे. दोन इंचांच्या तारेसाठी भागाकार येतो ३२७.४, ओहमने मोजला होता ३२६.७५. चौतीस इंचांसाठी येतो १३४.३, मोजला होता १३४.५. एकशे तीस इंचांसाठी येतो ४८.५ आणि मोजलेलाही ४८.५. त्यातील ७२८५ म्हणजे उकळत्या पाण्याने व बर्फाने निर्माण केलेल्या ताणाचे माप, आणि सव्वावीस म्हणजे उरलेल्या मंडलाचा रोध, इंचांत सांगितलेला. ताणाला एकूण रोधाने भागले की प्रवाह मिळतो. तोच भागाकार उलटा केला, म्हणजे ताणाला प्रवाहाने भागले, की रोध मिळतो. आमच्या वायरमनने पाकिटावर केले ते हेच.

ओहमने अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली, बर्लिनला जाऊन ग्रंथ लिहिला आणि १८२७ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कोमो येथे वृद्ध व्होल्टाने डोळे मिटले. ग्रंथामुळे एखाद्या विद्यापीठात जागा मिळेल, ही ओहमची आशा फोल ठरली. ग्रंथ गणिताने खच्चून भरलेला होता. फुरिएने उष्णतेच्या वहनासाठी जी गणिती रीत वापरली तिच्या धर्तीवर त्याने सारी मांडणी केली होती. निसर्गाचे रहस्य चिंतनाने उकलावे, त्याचे असे गणित मांडू नये, असे मानणारा तत्त्वज्ञांचा एक पंथ तेव्हा बर्लिनमध्ये प्रबळ होता. त्या पंथातील पोल ह्या विद्वानाने ग्रंथावर कडक टीका केली. ओहमने कोलोनच्या जागेचा राजीनामा दिला आणि पुढली काही वर्षे बर्लिनच्या सैनिकी विद्यालयात आठवड्याला थोडे तास शिकवून कशीबशी गुजराण केली.

जर्मनीत त्याला सर्वांनीच झिडकारले, असे जे रंगवून सांगितले जाते ते तितकेसे खरे नाही. लाइप्झिगच्या फेख्नरने त्याचे प्रयोग पडताळून त्याची बाजू घेतली होती. परंतु पोट भरेल अशी जागा १८३३ पर्यंत मिळाली नाही; ती मिळाली न्यूरेंबर्गला. मोठा सन्मान आला तो परदेशातून: १८४१ साली रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद, ज्यासाठी त्याने आयुष्यभर वाट पाहिली, ते १८५२ साली मिळाले. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, तो मरण पावला.

येथे एका विक्षिप्त इंग्रज उमरावाचे स्मरण करणे प्राप्त आहे. हेन्री कॅव्हेंडिशने हाच नियम १७८१ च्या सुमारास, म्हणजे ओहमच्या जन्माआधी, हेरला होता. प्रवाह मोजण्याचे यंत्र नव्हते, म्हणून मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून येणारे विजेचे झटके तो स्वतःच्या अंगावर घेई आणि कोणता जास्त बसला ते ताडून पाही! पण लाजाळूपणामुळे त्याने हे कोणास सांगितले नाही. त्याची टिपणे मॅक्सवेलने १८७९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे जगाला कळले. ज्ञान पेटीत कुलूपबंद राहिले आणि कुलूपवाल्याच्या मुलाला ते अथपासून शोधावे लागले.

हा झाला भागाकार. गुणाकाराचे श्रेय इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथील एका मद्य गाळणाऱ्या व्यावसायिकाच्या मुलाकडे जाते. जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचे शिक्षण घरीच झाले; डाल्टनसारखा रसायनशास्त्रज्ञ त्याचा शिक्षक होता. १८४० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून तिच्यातून प्रवाह सोडला आणि पाणी किती तापते ते तापमापकाने पाहिले. प्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते असे त्याला आढळले. उष्णता ही रोध आणि प्रवाहाचा वर्ग ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा त्याचा नियम. त्यात ओहमचा भागाकार घालून पाहा: रोधाला प्रवाहाने गुणले की ताण, आणि ताणाला पुन्हा प्रवाहाने गुणले की दर क्षणाला खर्ची पडणारी शक्ती. आमच्या मांडवात पहिल्या दिवशी चारच दिवे होते. शेवटच्या दिवशी आठ केले. दिवे दुप्पट झाले, तारेतील उष्णता जवळजवळ चौपट झाली. तार आठ दिवस निमूट राहिली आणि नवव्या दिवशी का जळू लागली, ह्याचे उत्तर ज्यूलने आधीच देऊन ठेवले होते. त्याचा निबंध रॉयल सोसायटीकडे गेला तेव्हा तिने फक्त सारांश छापला, ही गंमतही नोंदवावीशी वाटते.

ह्या दोन ओळींची खरी किंमत मात्र समुद्राच्या तळाशी कळली. ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड ह्यांच्यामध्ये अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची पहिली तार टाकून पूर्ण झाली. व्हिक्टोरिया राणीचा शंभराहूनही कमी शब्दांचा संदेश पलीकडे पोचण्यास सुमारे सोळा तास लागले. तारेची व्यवस्था वाइल्डमन व्हाइटहाउस ह्या, मूळच्या शल्यवैद्य असलेल्या गृहस्थाकडे होती. संदेश नीट जात नाही तर ताण वाढवा, असा त्याचा सरळ विचार. त्याने सुमारे २००० व्होल्टचा मारा केला. तार आधीपासूनच सदोष होती, पण ह्या माऱ्याने तिचा अंत लवकर ओढवला आणि काही आठवड्यांतच ती मुकी झाली. विल्यम थॉमसन ह्या प्राध्यापकाने जाड तांबे, सौम्य ताण आणि अतिसूक्ष्म मापन असा आग्रह धरला होता. तो मानला गेला तेव्हा, १८६६ साली, कायमची तार सुरू झाली.

ह्या अपयशानंतर ब्रिटिश असोसिएशनने १८६१ साली रोधाचे सर्वमान्य माप ठरविण्यास समिती नेमली. समुद्रातील तारेला मोजमाप का हवे, ते आपल्या मुंबईच्या उदाहरणावरून पाहू. १८७० साली सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्री तार आली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. समजा, अशी तार पाण्याखाली कोठेतरी तुटली. सारी तार उपसून पाहणे अशक्य. किनाऱ्यावर बसलेला मनुष्य तारेला ठरावीक ताण लावतो, प्रवाह मोजतो, भागाकार करतो आणि रोध येतो, म्हणू या, ८०० ओहम. दर मैलाचा रोध ४ ओहम आहे हे आधीच नोंदलेले असेल, तर तार सुमारे २०० मैलांवर तुटली आहे. जहाज तेथेच न्यायचे. प्रत्यक्षात खाऱ्या पाण्यामुळे हिशेबात गुंतागुंत येते, पण तत्त्व हेच.

समितीच्या कामात ज्यूलही होता, आणि त्यात एक नवल घडले. १८६७ साली त्याने विजेने तापविलेल्या पाण्यावरून उष्णता व कार्य ह्यांचे प्रमाण काढले, तर ते पूर्वी पाणी घुसळून मिळविलेल्या आकड्याशी सुमारे एक टक्क्याने जुळेना. चूक कोणाची? ज्यूलने साठीच्या उंबरठ्यावर, १८७८ साली, पाणी पुन्हा घुसळून पाहिले. जुना आकडा बरोबर निघाला. चुकले होते ते समितीने ठरविलेले ओहमचे मापच. गुणाकाराने भागाकाराची चूक पकडली होती!

१८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही नावे मापांना दिली. तिघांपैकी कोणीही ते पाहण्यास हयात नव्हता. वॅट आणि ज्यूल ही नावे आंतरराष्ट्रीय परिषदेत १८८९ साली मान्य झाली; त्याच वर्षी ज्यूल वारला. शक्तीच्या मापाला नाव मिळाले ते वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॅटचे, ज्याचा विजेशी काडीचा संबंध नव्हता. अर्थात, नावे देताना न्याय थोडा इकडेतिकडे होतोच.

आपल्याकडे १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तीही ह्याच हिशेबावर. ताण दहापट केला तर तेवढीच शक्ती पोचविण्यास प्रवाह दशांश पुरतो, आणि प्रवाह दशांश झाला की वाटेतील तारेत वाया जाणारी उष्णता शतांश होते. म्हणून घाट उतरून येणाऱ्या तारा एवढ्या उंच खांबांवर आणि एवढ्या प्रचंड दाबाने येतात.

त्या रात्री आमच्या वायरमनने वेटोळे सोडवून जुनी एक एमएमची तार काढली आणि चार एमएमची आणून टाकली. जाडी चौपट म्हणून रोध चौथाई, हे त्याने आम्हांला न विचारताच सांगितले. मग आठही दिवे लावून मांडवाच्या टोकाशी पुन्हा व्होल्ट मोजले. आकडा आला २२२. त्याने तो त्याच पाकिटावर लिहिला. ते पाकीट अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.